फळीवर एकच माणूस

३० डिसेंबर, सोमवार

गुरुपादप्पा म्हणाले, "रोज चार ओळी लिहीत जा, तम्मा. हात वळंल." तम्मा म्हणजे त्यांच्या कानडीत धाकटा भाऊ. मी म्हणलं, दिवसभर धान्याचे कट्टे उचलतो, माझा हात चांगला वळलेला आहे. तरी त्यांनी ऑफिसातली एक जुनी डायरी माझ्या अंगावर टाकली. बियाणं कंपनीची आहे, वार जुळत नाहीत. जुळवून घेईन. लिहितो, पण त्यांनी सांगितलं म्हणून नाही. माझ्या मनात आलं म्हणून.

आज लातुरात येळवस. ही अमावस्या आमच्या किनवटकडं कुणी करत नाही. इथं मात्र सगळं शहर दाराला कुलूप लावून रानात पळतं. हणमंतरावांची दाळ मिलही बंद. मी तिथं दिवाळीपासून हमाल आहे. गुरुपादप्पा भुईकाट्यावर बसतात, म्हणजे भरलेले ट्रक वजनाला उभे राहतात त्याच्या बाजूच्या केबिनीत. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांनी मला आणि माझा खोलीवरचा जोडीदार धम्मानंद, दोघांना जीपमध्ये कोंबून उदगीरकडं त्यांच्या रानात नेलं.

कडब्याची खोप, आत चुना लावलेले पाच दगड, आंबिलीचा माठ, भज्जी, उंडे. जेवण एक नंबर. पण म्हातारा लई मिजाशी. बसल्या जागेवरून हुकूम, "तम्मा, आंबील तू ओत. हातात नीट दे." उठला तर दोघांच्या पत्रावळीत पाय दिला. त्यांची भाची रुद्राणी मिलच्या ऑफिसात बिलं करते, ती सारखी त्यांच्या कोपराला धरून, "मामा, इकडून." नवाबच.

पोट भरलं की मला धीर येतो. मी म्हणलं, "अप्पा, मला काट्यावर बसायचंय."

धम्मानंदच्या नाकातून आंबील आली. "बसा की साहेब! आठवी पास कलेक्टर!"

अप्पा हसले नाहीत. "वाचता येतं का?"

"मराठी येतं. इंग्रजी अक्षरं वळखू येतात."

"डोळे कसे हायत?"

"घारीवानी."

अप्पांनी उंडा मोडला, चावला, आणि म्हणाले, "साकु."

रुद्राणीला विचारलं तर म्हणली, साकु म्हणजे पुरे. म्हणजे माझी बडबड पुरे. बघून घेईन.

३ जानेवारी, शुक्रवार

दादाचा फोन. बालाजी दादा, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, घरचं सगळं रान त्याच्या हातात. काय पेरायचं ते तो ठरवतो, बैल कुणी सोडायचे ते तो ठरवतो, मी कधी जेवायचं तेही. वसतिगृहातून मी पळून आलो तेव्हा म्हणाला होता, बरं झालं, एक गडी वाढला.

आज म्हणाला, "पाडव्याला सालगडी ठरवावा लागतो. तू येनार असशील तर ठेवत न्हाई. तिकडं दुसऱ्याची पोती वाहण्यापरीस घरची वाहा."

मी म्हणलं, "म्हणजे मी सालगडी का?"

"भाऊ हायस. सालगड्याला पगार द्यावा लागतो."

आणि हसला. फोन मायनं घेतला. माय हळूच बोलली, "यंकटी, खुर्चीवरचं काम भेटलं तर सांग बाबा. मग मी ह्याला गप करते. पाडव्याच्या आत सांग."

ठीक आहे. पाडव्याच्या आत मी त्या केबिनीतल्या खुर्चीवर बसणार. नाही बसलो तर नावाचा व्यंकटी नाही.

६ जानेवारी, सोमवार

तुरीचा सीझन सुरू झाला. मुकादमानं हाक मारली, "अप्पा बोलवून राहिले." गेलो. मला वाटलं खुर्ची!

खुर्चीवर अप्पा बसलेले. मला मागं उभं केलं. कॉम्प्युटर म्हणजे मोबाईलसारखा रंगीत असंल असं मला वाटायचं. तसं काही नाही. काळा पडदा, पांढरी बारीक अक्षरं, चित्र नाही, माऊस नाही. मालकानं कुणाकडून तरी फार वर्षांपूर्वी बनवून घेतलेलं.

"वाच," अप्पा म्हणाले.

"काय?"

"जे दिसतं ते. मोठ्यानं."

मी एकेक अक्षर वाचलं. व्ही, ई, एच. पहिलीच्या पोरासारखं. खिडकीबाहेर ट्रकवाले उभे, धम्मानंद उभा, सगळे दात काढून राहिले. मी आवाज कमी केला की अप्पा म्हणायचे, "मोठ्यानं. माझ्या कानाला काय मुंगी चावली?" स्वतः पडद्याकडं बघत सुद्धा नाहीत. मान वर करून खिडकीकडं तोंड, आणि बोटं आपोआप बटणांवर. एवढं येतंय तर मला कशाला वाचायला लावता? चारचौघांत माझी इज्जत काढायला, दुसरं काय.

रोज सकाळी यायचं म्हणे. येतो. सगळं शिकून घेतो आणि मग ह्यांनाच उठवतो.

११ जानेवारी, शनिवार

आज काटा गायब झाला.

वजनाच्या प्रोग्रामला आम्ही काटाच म्हणतो. गाडीचा नंबर टाकायचा, तो वजन घेतो, पावती काढतो. अप्पांचं बोट कुठंतरी वाकडं पडलं आणि पडद्यावरचं सगळं गेलं. खाली एकच शब्द. मी वाचला, "एस टी ओ, डबल पी, ई डी." एस टी म्हणलं की मला लाल बसच दिसते.

"स्टॉप्ड," अप्पा म्हणाले. "कंट्रोल झेड पडलं व्हय."

मला घाम फुटला. बाहेर वजनाच्या प्लेटीवर भरलेला ट्रक. "मेला का काटा?"

"मेला न्हाई. उभा हाय." त्यांनी दोन अक्षरं दाबली, एफ आणि जी, आणि एंटर. काटा जसाच्या तसा परत! गाडीचा अर्धा टाकलेला नंबरसुद्धा तिथंच. माझ्या तोंडून "आयला" निघालं.

"तू ट्रकला फळी लावतोस की न्हाई?" अप्पा म्हणाले. "फळीवर किती माणसं चढतात?"

"एकच."

"बाकीचे?"

"खाली उभे. पाठीवर कट्टा घेऊन."

"मेले का ते?"

"न्हाई."

"मग. पडदा आन कीबोर्ड ही एकच फळी. आत चार कामं असू देत, फळीवर एक. कंट्रोल झेड म्हणजे चालत्या माणसाला खाली उभा कर. एफजी म्हणजे, बा, ये फळीवर."

एवढं मला कळलं. खोटं कशाला बोलू, आवडलं. पण तोंडावर दाखवलं नाही.

दुपारी खरी फळीही माझ्या अंगावर आली. सकाळी धम्मानंद आणि मी पाण्याच्या बादलीवरून भांडलो होतो, बोलणं बंद. ट्रकवर चढताना फळी हलली, माझा गुडघा गेला. मागून एक हात आला आणि कट्ट्याचं बूड धरलं. धम्मानंद. वर पोचेपर्यंत धरलं, मग सोडलं आणि परत तोंड फिरवलं. हमालीत तसंच आहे. फळीवरच्या माणसाचा तोल गेला की मागच्यानं बूड धरायचं. बापाचा वैरी असला तरी. भांडण खाली उतरल्यावर.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रुद्राणीनं ऑफिसात सगळ्यांना तिळगूळ दिला. मला दिला तेव्हा थांबली. "आज दिवसभर मामांसोबतच होतात का?"

"हाव."

"आणि उद्या?"

"उद्या पन."

"बरं वाटलं," ती म्हणली. "मामांना सांभाळून घ्या."

मी खोलीवर येऊन आरशात बघितलं. रोज विचारते मी कुठं होतो, किती वेळ होतो. धम्मानंद म्हणतो, "तुझ्यात काय बघितलं पोरीनं? डोळे तपासून घ्यायला सांग." जळतो. पण अप्पांना मी कशाला सांभाळू? ते मला खातात रोज.

२७ जानेवारी, सोमवार

आज माझ्या हातानं घोटाळा झाला.

अप्पा चहाला उठले आणि म्हणाले, "मालक गोदामातल्या मालाची बेरीज मागतील. तू काढून ठेव." पहिल्यांदा कीबोर्ड माझ्या हातात! काटा उभा केला. जॉब्स लिहिलं, म्हणजे आत कोण कोण आहे त्याची यादी, त्यात तो दिसला. आता माझं डोकं चाललं. म्हणलं, काट्याला नुसता उभा कशाला ठेवायचा? बीजी म्हणून एक आहे, त्यानं काम मागच्या मागं चालू राहतं, हे मी अप्पांकडून ऐकलं होतं. आपल्यात फळी मिळाली नाही तर माणूस रिकामा थोडाच बसतो, थप्पी लावतो. तसं काट्यानंही मागं राहून गाड्या मोजाव्यात. लिहिलं बीजी. आणि गोदामाची बेरीज पुढं लावून मस्त पाय पसरले.

बाहेर प्लेटीवर गाड्या चढल्या, उतरल्या. पावती एक नाही. रांग रस्त्यापर्यंत. मुकादमाच्या शिव्या.

अप्पा आले. "वाच." मी वाचलं. परत तेच, स्टॉप्ड.

"तू त्याला मागं पाठवलंस तेव्हा तो काय करत होता?"

"गाडीचा नंबर विचारून राहिला होता."

"मग? मागचा माणूस काम करू शकतो, तम्मा. बेरीज करंल, लिहील. पडद्यावर बोलंल पन, त्याचं बोलणं मधीच उमटतं. पन त्याला विचारता येत न्हाई. कीबोर्डाकडं हात केला की तिथल्या तिथं उभा. उत्तर फकस्त फळीवरच्याला मिळतं."

"म्हणजे आमच्यावानीच की," मी म्हणलं. "काम करा, विचारू नका."

अप्पांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "एफजी दाब. गाड्या थांबल्यात."

मी दाबलं. काटा तिथंच उभा होता, गाडीचा नंबर मागत. सकाळपासून तेच विचारत असंल बिचारा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज सगळं माझ्यावरच उलटलं.

गुरुवारी मी केबिनीत नव्हतोच. माल जास्त होता, मुकादमानं मला फळीवर घातलं. अप्पा एकटे. आणि नेमकं त्याच दिवशी निलंग्याच्या ट्रॅक्टरची पावती औश्याच्या टेम्पोवाल्याला गेली आणि टेम्पोची ट्रॅक्टरला. आज दोघंही आले, गेटवर तमाशा. मालक विचारायला लागले तर अप्पा सगळ्यांसमोर म्हणतात, "पोरगं नीट वाचत न्हाई."

मी! मी तिथं नव्हतो!

मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी खिडकीकडं तोंड केलं.

मग मीही ठरवलं. सरळ मालकांच्या ऑफिसात. हणमंतराव चहा पीत होते. मी म्हणलं, "मालक, चूक माझी न्हाई. आन खरं सांगू का, काटा अप्पा चालवतच न्हाईत. सगळं मी वाचतो. ते नुसती बटणं दाबतात."

"वाचतो म्हणजे?"

"पडद्यावरचं. एकूणएक. त्यांना स्वतः वाचायला काय होतं? खिडकीकडं बघत बसतात. नुसती मिजास."

मालकांनी कप खाली ठेवला. "पडद्याकडं बघतच नाहीत?"

"कधीच न्हाई."

"आणि तू नव्हतास तेव्हाच पावत्या बदलल्या."

"तेच तर सांगून राहिलो!"

मला वाटलं आता म्हणतील, शाबास, सोमवारपासून तू बस. मालकांनी फोन उचलला. "दयानंद, क्लास बिस पुरे झाला तुझा. काट्याची खुर्ची रिकामी होतीय असं दिसतंय." दयानंद म्हणजे त्यांचा भाचा.

"मालक, अन् मी?"

"तू?" ते खरोखर चकित झाले. वाईट ह्याचं वाटलं की चिडले नाहीत, चकित झाले. "तू हमाल आहेस ना रे? सोमवारी मी स्वतः केबिनीत येतो. अप्पा माझ्यासमोर चालवतील. तू मागं उभा राहा, तोंड बंद."

म्हणजे माझ्याच तोंडानं मी खुर्ची भाच्याला देऊन आलो.

बाहेर रुद्राणी. बिलाचा गठ्ठा छातीशी धरलेला, चेहरा पांढरा. सगळं ऐकलं होतं. "तुम्हाला घारीसारखे डोळे आहेत म्हणे," ती म्हणली.

"हायेतच."

"काही उपयोग नाही त्यांचा," म्हणली आणि गेली.

डोळ्याचं इथं काय? सगळे माझ्यावरच. हमालाला कुणीही बोलावं. पण मी काही खोटं बोललो नाही. एक शब्द नाही. सोमवारी बघू कोण कुठं बसतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मालक आले. भाचा सोबत, मोबाईल बघत. मालकांनी लोखंडी स्टूल ओढून घेतलं. अप्पा खुर्चीवर, मी मागं, भिंतीला पाठ लावून.

"अप्पा, चालू द्या. हा काही बोलणार नाही."

"जी," अप्पा म्हणाले.

पहिला ट्रक जमला. ड्रायव्हरनं नंबर सांगितला, अप्पांच्या बोटांनी टाकला. पावती आली. दुसराही जमला. मला राग आला, बघा, येतंय की!

मग मालक म्हणाले, "गोदामात किती माल आहे ते काढा. आणि काटा परत आणा. इकडं गाडी प्लेटीवर आहे."

अप्पांनी काटा उभा केला. गोदाम लावलं. बेरीज मागं पाठवली, काटा पुढं आणायला घेतला. एवढ्यात त्या बेरजेनं मागून एक ओळ टाकली, काट्याच्या मधोमध, आणि पडदा सगळा विस्कटला. रोज होतं असं. मी वाचतो, अप्पा बरोबर करतात.

अप्पा थांबले. त्यांचं बोट बटणांच्या वर हवेत फिरायला लागलं. आमच्या गावात लाईट गेल्यावर माय दाराची कडी शोधते ना, तसं. मान खिडकीकडं नव्हती आज. पडद्याकडं होती, एकदम जवळ, नाक टेकंल इतकी. आणि कपाळावर घामाचे थेंब. फेब्रुवारीत.

मी बघितलं. घारीचे डोळे म्हणे.

मालक पुढं वाकले. "काय झालं अप्पा? काय लिहिलंय ते वाचून दाखवा की."

केबिनीत पंख्याचा आवाज. अप्पांचे ओठ हलले, शब्द नाही.

मी मोठ्यानं वाचलं. "गोदाम बेरीज झाली. कट्टे चार हजार दोनशे सोळा. खाली काटा, गाडीचा नंबर मागतोय. एम एच चोवीसपर्यंत आलंय, पुढं कोरं."

"तुला गप राहायला सांगितलं होतं!"

"व्हय मालक." आणि पुढची ओळ वाचली. अप्पांचं बोट खाली आलं. टक, टक, टक. ड्रायव्हर नंबर ओरडला, बोटांनी टाकला. मी वजन वाचलं. पावती आली.

मालक उठले. "तू का बोलून राहिलास? कान आहेत का नाही?"

मी म्हणलं, "मालक, मी आठवी शिकलेला. मोठ्यानं वाचल्याबिगर मला कळतच न्हाई. मनातल्या मनात वाचायला शिकवलंच न्हाई कुणी."

भाचा फिसकन हसला. हसू दे.

"बाहेर जाऊन वाच मग."

"बाहेरून पडदा दिसत न्हाई."

मालक माझ्याकडं बघत राहिले, मग अप्पांकडं. भरल्या ट्रकनं हॉर्न दिला, त्याच्या मागच्यानं दिला. मालक निघून गेले. भाचाही गेला. आम्ही दुपारपर्यंत गाड्या मोजल्या.

का वाचलं मी? ठाऊक नाही. तोंडाला सवय लागली असंल. आणि मालकाची जिरवायची होती. एवढंच. राग माझा तसाच आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अप्पांनी चहा मागवला. दोन कप. आजवर एकच यायचा.

"पावतीचं खोटं बोललो मी," ते म्हणाले. "तुझ्यावर ढकललं."

"हाव. ढकललं."

"दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. दसऱ्यापासून. पडदा म्हणजे नुसता धूर दिसतो, तम्मा."

"मग ऑपरेशन करून घ्या की. आजकाल काय हाय त्यात? आमच्या गावातल्या म्हाताऱ्या करून आल्या आन दुसऱ्या दिवशी भांडल्या."

"खुर्चीवरून उठलेल्या माणसाला खुर्ची परत भेटत न्हाई. भाचा टपून बसलाय."

मला असा राग आला की चहा सांडला. म्हणलं, "मला महिनाभर काय शिकवलं मग? मेला न्हाई, उभा हाय. ते फकस्त काट्याला का? तुम्ही कंट्रोल झेड करा आन जा. मी हाय ना खाली."

"तुला खुर्ची पाहिजे होती की."

"अजून पाहिजे. पन तुमच्या डोळ्यात धूळ फेकून नको." बोलून गेलो आणि मग कळलं काय बोललो. अप्पा एवढे हसले की ठसका लागला.

मी तसाच मालकांकडं गेलो. अप्पा म्हणाले होते, मागच्या माणसानं विचारायचं नाही. मी विचारलं. "अप्पा डोळ्याला जाणार. तोवर काटा कोण चालवणार?"

"मला काय आंधळा समजतोस का?" मालक म्हणाले. "काल सगळं कळलं मला. आणि तू धडधडीत खोटं बोललास माझ्यासमोर. असा खोटारडा काट्यावर बसवू?"

"मी खोटं बोललो मालक. वजन खोटं न्हाई केलं. वाटलं तर कालच्या सगळ्या गाड्या परत मोजा."

ते कितीतरी वेळ पेन आपटत राहिले. "दयानंद म्हणतो इथं फार धूळ आहे," शेवटी पुटपुटले. "अप्पा येईपर्यंत बस. ते आले की ऊठ. आणि वाचायचं असेल तर हळू वाच."

"हळू न्हाई जमत," मी म्हणलं.

बाहेर रुद्राणी होती. तिनं नुसतं बघितलं. आज पहिल्यांदा वाटलं की माझ्याकडं बघितलं.

३ मार्च, सोमवार

खुर्ची. बसलो.

गरम होते. पंख्याचा वारा पाठीला लागत नाही. मागं कुणी वाचायला नाही, तरी मी मोठ्यानंच वाचतो. धम्मानंद खिडकीतून म्हणाला, "कलेक्टर साहेब, स्वतःशीच बोलतात का?" मी म्हणलं, आत ये, मागं उभा राहा, वाच. आला. "व्ही, ई," म्हणाला आणि पळाला.

माईला कळवलं नाही. ही खुर्ची माझी नाही, उसनी आहे.

३० मार्च, रविवार

पाडवा. मिलच्या गेटवर गुढी. सीझन आहे म्हणून अर्धा दिवस काम.

अप्पा आले. काळा चष्मा, खिशाला रुमाल, रुद्राणी सोबत पण कोपर धरलेलं नाही. केबिनीच्या दारात थांबले. मी खुर्चीवरून उठलो. सांगावं लागलं नाही.

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघत राहिले. "असा हायस होय तू?"

"कसा?"

"आवाजावरून मला वाटलं चांगला दांडगा असशील. हे तर बारकं पोरगं हाय की."

रुद्राणी पदरात हसली. मी म्हणलं, "आवाज दांडगा हाय. तेवढा बास."

अप्पा बसले. पडद्याकडं बघितलं. लई वेळ. मग बोटानं काच पुसली. "एवढी धूळ? कुणी पुसत न्हाई का?" आणि वाचायला लागले, मोठ्यानं, एकेक अक्षर, माझ्यासारखं. बाहेरचे ट्रकवाले परत हसले. हसू दे त्यांना.

"एकच डोळा झालाय," अप्पा म्हणाले. "दुसरा आखाडात. आन डॉक्टरनं म्हणलंय, दुपारनंतर पडद्याकडं बघायचं न्हाई."

"हे डॉक्टरनं म्हणलंय का तुम्ही?"

"तुला काय करायचंय? दुपारी ये." मग खिडकीकडं बघत, सवयीनं, "मालकाला मी सांगतो."

तेवढ्यात फोन. दादा. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज.

"काय रे, आज पाडवा. सालगडी दारात बसलाय. ठेवू का वापस पाठवू? तू बसलास का त्या खुर्चीवर?"

मी अप्पांकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. अप्पा काट्यात गाडीचा नंबर टाकत होते आणि कान माझ्याकडं होता.

"न्हाई," मी म्हणलं. "आत्ता उभा हाय."

"उभा हाय म्हणजे?"

"म्हणजे मेलो न्हाई, दादा. सालगडी ठेवून घे. चांगला पगार दे त्याला. आन त्यानं काही विचारलं तर उत्तर देत जा."

दादा काहीतरी ओरडत होता. प्लेटीवर ट्रक चढला. अप्पांनी चष्मा परत लावला आणि खुर्ची जराशी बाजूला सरकवली.

"वाच," म्हणाले.

मी वाचलं. मोठ्यानं.